अडीच किलो

उद्यापासून ही बॅग तुझी, मलप्रभा.
उचलून बघ. डाव्या हातानं नको,
डावा मोकळा ठेवायचा, बसचा दांडा धरायला.
आत व्हॉल्वची बॉडी आहे, आपल्याच भट्टीतली,
अडीच किलो भरते.
सांब्र्याच्या विमानतळावर दर वेळी बाहेर काढायला लावतात.
पोरगा पडद्याकडे बघतो, मग माझ्याकडे,
मॅडम, हे काय?
लोखंड, म्हणायचं. हसायचं नाही.
चलनाची प्रत वरच्याच कप्प्यात ठेव.

हुबळीला पहाटेची बस धर, रात्रीची नको.
शून्य रुपयांचं तिकीट मिळेल, फेकू नकोस,
कित्तूरला तपासनीस चढतो
आणि शून्याचा हिशेब फार कडक असतो.
कोल्हापूरकडे जाताना सुटे पैसे घे.
कोगनोळी मागं पडली की फोन आपोआप
महाराष्ट्रात स्वागत करतो,
परत येताना कर्नाटकात.
वीस वर्षं दोन्हीकडून माझं स्वागतच चाललंय,
खरं घरी दार उघडायला कुणी जागं नसतं.
किल्ली वेगळ्या दोऱ्यात, गळ्यात ठेव.

एक नोव्हेंबरच्या मागंपुढं मीटिंग घेऊ नकोस.
बस निपाणीत थांबते आणि पुढं कोण नेत नाही.
एकदा मी तवंदीचा घाट
टोमॅटोच्या टेम्पोतून चढले,
ड्रायव्हरची बायको मध्ये बसली होती म्हणून.
तो ‘म्हणून’ लक्षात ठेव.

लॉजच्या वहीत गाव लिही, गल्ली लिहू नकोस.
खोली जिन्याजवळची माग, टोकाची नको.
सोबत कोण, असं विचारलं तर
‘साहेब मागनं येताहेत’
पहिली सात वर्षं मी सांगायचे.
साहेब कधी आले नाहीत.
आता सांगते, मीच साहेब.
तू कुठलं सांगायचं
ते खोलीची कडी बघून ठरव.

दावणगेरेला एका रात्री, पावणेदोनला,
कडी हलली.
टकटक नाही. नुसती हलली,
हाताला सवयीची असल्यासारखी.
मी खुर्ची लावली, खुर्चीवर बॅग,
मग बॉडी काढून दाराच्या फटीशी ठेवली
आणि तिच्यावर पाय टेकून
उजाडेपर्यंत बसून राहिले.
लोखंड हळूहळू गरम झालं, माझ्याच तळव्यांनी.
नऊ वाजता कोटेशन दिलं. चारशे नगांची ऑर्डर.
ऑफिसात कुणाला बोलले नाही.
बोलले असते तर पुढच्या खेपेला
बाळगौडाला पाठवलं असतं.

बाकी बारीकसारीक.
गोकाकच्या करदंटाचे दोन तुकडे,
उपाशीपोटी भाव बोलू नये.
पर्चेसवाल्यांना कुंदा, खरं ऑर्डर हातात आल्यावर.
सेफ्टी पिना. चार्जर. एक काळी ओढणी.
आणि पाणी कमी पिऊ नकोस गे.
पंपावरच्या संडासांना कुलपं असतात
म्हणून मी कमी प्यायले,
त्यातला एक खडा अजून डबीत आहे.
यमकनमर्डीच्या अलीकडे शिवगंगव्वाची खानावळ लागते,
मागच्या अंगणात सगळं स्वच्छ, आतून कडी.
माझं नाव सांग.
ती विचारेल, ऊट आयतेन?
जेवली असलीस तरी नाही म्हण.

कन्नड येत नाही म्हणून लाजू नकोस,
खरं शिक. निघतानाचं तर सोपंच आहे,
आपण म्हणतो येते, ते म्हणतात बर्तीनि,
जाते असं कुणीच म्हणत नाही.

मी आता टेबलावर बसणार. गुडघा.
डॉक्टर म्हणाले जिना नको, वजन नको.
काल माझ्याच घरात निजताना
हात दाराच्या फटीकडे गेला,
ठेवायला काही नव्हतं.

उचललीस?
हां, उजव्या हातानं.
पोचलीस की फोन कर, कितीही वाजू देत.
मी जागी असेन.